चिनी गुलाब आणि आइस प्लांट बियांपासून: रोपं कुठं मरतात आणि कशी जगवायची

दसरा झाला की आणि पुन्हा शिमग्याच्या सुमाराला मला वेगवेगळ्या लोकांकडून एकच फोटो येतो. ट्रेमध्ये वर हिरवं शेवाळ आणि मधोमध सुतासारखी दोन-चार रोपं आडवी पडलेली. सोबत प्रश्नही तोच असतो: "पाणी कमी लागणारं झाड म्हणून लावलं, तरी मेलं कसं?"

चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. या झाडांना पाणी लागत नाही असं ऐकलेलं असतं, म्हणून पहिल्या दहा दिवसांत बी वाळू दिलं जातं. पुढं रोपं नाजूक दिसतात, मग त्यांना रोज पाणी पाजलं जातं. करायचं असतं याच्या अगदी उलट. वाढलेलं झाड दुष्काळ काढतं, पण मोहरीहून बारीक बीमधून कालच बाहेर आलेल्या रोपाला एक दुपारही काढता येत नाही. पहिले दहा दिवस ओल एकदाही तुटू द्यायची नाही, आणि नंतर ती हळूहळू तोडत न्यायची. खालची सगळी कृती या क्रमावर उभी आहे.

१. आधी कोणतं बी ते ठरवा

जमिनीलगत पसरणाऱ्या मांसल पानांच्या झाडांपैकी कोल्हापुरात बियांपासून करण्यासारखी मला तीन वाटतात.

पहिलं चिनी गुलाब, म्हणजे आपलं ऑफिस टाइम, दुकानात पोर्तुलाका. ऊन वर आलं की फुलणारं आणि सुईसारख्या गोल पानांचं. पहिल्यांदा करणाऱ्यानं यानंच सुरुवात करावी. दुसरं थंडीच्या फुलांच्या पाकिटांत 'आइस प्लांट' म्हणून मिळणारं. ते एका हंगामाचं झाड आहे, उन्हाळा तापला की संपतं. तिसरं डेलोस्पर्मा. ते बारमाही आहे, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, आणि गंमत म्हणजे त्यालाही आइस प्लांटच म्हणतात. पाकिटावर नुसतं 'आइस प्लांट' लिहिलेलं असेल तर आत यातलं नेमकं कोणतं आहे ते विचारूनच घ्या. मे महिन्यात झाड वाळलं म्हणून हळहळणाऱ्या अनेकांनी मुळात एका हंगामाचंच बी पेरलेलं असतं.

सेडम हेही असंच मांसल पानांचं झाड, पण ते मात्र बियांपासून करू नका. त्याचं बी धुळीसारखं असतं आणि आपल्या दमट हवेत ते सांभाळणं फार कटकटीचं. बोटभर फांदी खोचली तर ती लागते, मग बीच्या मागं कशाला लागायचं?

जागा किती भरायची तेही आत्ताच मोजा. आठ-आठ इंचांवर लावलं तर १०० चौरस फुटाला सव्वादोनशे रोपं लागतात, फुटाफुटावर लावलं तर शंभर. चिनी गुलाबाच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया असतात, त्यामुळं मोठं पाकीट घ्यायची गरज नाही. ताजं पाकीट घ्या.

तपासणी: स्टीलच्या डब्यात ओला टिश्यू पेपर घाला, त्यावर २० बिया ठेवा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणा आणि डबा उजेडात ठेवा. दोन आठवड्यांत १० पेक्षा कमी उगवल्या तर ते बी ट्रेमध्ये घालून वेळ दवडू नका.

२. पेरणीची वेळ

मृगाचा पाऊस आला की पेरायचं, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. भुईमुगाला, सोयाबीनला ते बरोबर आहे. या झाडांना ते मारक आहे. जून ते ऑगस्ट इथली हवा इतकी ओली असते की पत्र्याच्या आडोशाला ठेवलेला ट्रेसुद्धा वाळत नाही. मी पहिल्या वर्षी मृगातच आठ ट्रे पेरले होते. पावसाचा थेंबही आत आला नव्हता, तरी आषाढ संपेपर्यंत सगळ्यांवर शेवाळाचा पापुद्रा चढला आणि एकही रोप हाताला लागलं नाही.

चिनी गुलाबाला ऊब लागते, २१ ते २९ अंश. त्यासाठी आपल्याकडं दोन वेळा आहेत: फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च, आणि पाऊस उघडल्यावर दसऱ्याच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडतात, तेव्हा बी तसंच पडून राहतं आणि लोक ते मेलं समजून ट्रे उपडा करतात.

आइस प्लांटचं उलटं आहे. त्याला गारवा हवा. ऑक्टोबर संपताना पेरा, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरका. डेलोस्पर्माही तेव्हाच, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाडाला सात-आठ महिने मिळतात.

सावध: फेब्रुवारी-मार्चच्या पेरणीला वळवाचा धोका असतो. दुपारी चारला आभाळ भरून आलं की ट्रे आत, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. वळवाच्या एका सरीत महिन्याची मेहनत वाहून जाते.

३. जमीन बी पेरण्याआधी तयार हवी

रोपं तयार झाली आणि जागा तयार नाही, असं झालं की माणूस घाईनं जिथं जमेल तिथं लावून मोकळा होतो. म्हणून ट्रेला हात लावण्याआधी महिनाभर जमिनीचं काम काढा.

तुमची माती कोणती त्यावर पुढचं ठरतं. पाचगाव, आर. के. नगरकडं माळ आहे. वरची माती पातळ आणि खाली मुरूम. तुम्हाला फार काही करावं लागणार नाही. कसबा बावडा, शिये, चिखली या पंचगंगेकाठच्या पट्ट्यात काळी माती आहे. ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात चार घमेली वाळू मिसळून काम होत नाही, उलट ती अजून घट्ट बसते. काळ्या मातीवर वाफा उचलायचाच: सहा ते आठ इंच उंच, खाली विटांचे तुकडे, वर मुरूम, जाड वाळू आणि थोडी माती. वाफा सपाट करू नका. दर चार फुटांना निदान एक इंच उतार ठेवा.

तपासणी: फूटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसरं पाणी दोन-चार तासांत जिरलं तर जागा चांगली. सकाळपर्यंत तळाशी पाणी दिसलं तर वाफा उचलल्याशिवाय तिथं एकही रोप लावू नका.

आता तण. ही झाडं बुटकी आहेत. गवतानं एकदा डोकं वर काढलं की त्याच्या सावलीत यांची फुलं बंद होतात. हरळी आणि लव्हाळा कुदळीनं खणून काढा, लव्हाळ्याच्या काळ्या गाठी हातानं वेचा. एक गाठ राहिली तरी महिन्याभरात तिचं बेट होतं. मग वाफ्याला पाणी द्या, आठ दिवस थांबा, उगवेल ते खुरप्यानं वरच्यावर खरडा. पुन्हा पाणी, पुन्हा खरडणं. असं दोनदा झालं की वरच्या थरातलं तणाचं बी बरंच संपतं. तिसऱ्यांदा खोल खणू नका, नाहीतर खालचं बी वर येईल.

साखर कारखान्याची मळी आपल्याकडं सहज मिळते आणि बागेत ट्रॉलीच्या ट्रॉल्या टाकायची सवय आहे. ती इथं नको. ताजी मळी कुजताना तापते आणि पाणीही धरते. कुजलेली मळी गुलाबाला द्या, जास्वंदीला द्या. या वाफ्यात ताजं शेणखतसुद्धा नको. खत जास्त झालं की झाड फोफावतं, मऊ पडतं आणि पहिल्या पावसात बुडातून सडतं.

४. ट्रेचं मिश्रण

दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा, एक भाग जुनं पालापाचोळ्याचं खत किंवा धुतलेलं कोकोपीट. क्रश सँड वापरणार असाल तर बादलीत घालून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. तिच्यातली दगडाची भुकटी वर येऊन सिमेंटसारखा थर धरते आणि त्या थरातून इतक्या बारीक बीचा कोंब वर येत नाही.

खत रव्याच्या चाळणीतून चाळा. मिश्रण ट्रेमध्ये भरल्यावर वरून उकळतं पाणी ओता आणि एक दिवस झाकून निवू द्या. शेवाळ आणि रोपं कोलमडवणारी बुरशी यानं बरीच आटोक्यात येते. ट्रे उथळ हवा, दोन ते अडीच इंचांचा, आणि तळाला भोकं हवीत. श्रीखंडाचे, मिठाईचे प्लास्टिकचे डबे चालतात. तापवलेल्या सळीनं तळाला दहा-बारा भोकं पाडा.

तपासणी: मिश्रण मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा सुटला पाहिजे. लाडवासारखा राहिला तर अजून वाळू घाला.

५. पेरणी

वारा नसेल तेव्हा पेरा. शक्यतो घरात.

बी थेट बोटांनी भुरभुरवलं तर एका जागी दोनशे आणि दुसरीकडं एकही नाही असं होतं. चिमूटभर बीमध्ये दोन चमचे कोरडी बारीक वाळू मिसळा आणि मीठ भुरभुरवतो तसं हात उंच धरून सोडा. अर्धं मिश्रण उभं, अर्धं आडवं. मग सपाट फळीनं किंवा वाटीच्या तळानं हलकं दाबा, म्हणजे बी मातीला चिकटेल.

चिनी गुलाब आणि डेलोस्पर्माच्या बीवर माती टाकू नका. त्यांना उगवायला उजेड लागतो. मेथी-कोथिंबिरीच्या सवयीनं वर अर्धा इंच माती पसरली जाते आणि बी तिथंच गाडलं जातं. पाकिटातल्या आइस प्लांटवर मात्र वाळू नावापुरती, बी जेमतेम दिसेनासं होईल इतकीच चाळा.

पाणी वरून देऊ नका, फवाऱ्यानंही नको. परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवा. पृष्ठभाग गडद झाला की काढा आणि निथळू द्या. मग वर काच किंवा प्लास्टिक ठेवा, एका बाजूनं काडी सरकवून फट सोडा आणि ट्रे भरपूर उजेडाच्या पण ऊन थेट न पडणाऱ्या जागी ठेवा. झाकलेला ट्रे तासभर उन्हात राहिला तरी आत वाफ धरते आणि बी शिजतं.

मुंग्या विसरू नका. रात्रीत त्या ट्रे साफ करतात. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवतो तसंच करा: परातीत पाणी, पाण्यात विटा, विटांवर ट्रे. मात्र ट्रेचं बूड पाण्याला टेकता कामा नये.

६. पहिले दहा दिवस

या दिवसांत घराबाहेर जायचं असेल तर पेरणीच पुढं ढकला. पृष्ठभाग एकदाही फिकट पडू द्यायचा नाही. सकाळी आणि दुपारी बघा. रंग उतरायला लागला की पुन्हा परातीत.

चिनी गुलाब ७ ते १४ दिवसांत उगवतो, डेलोस्पर्माला थोडा जास्त वेळ लागतो. भिंग असेल तर पाचव्या-सहाव्या दिवसापासून बघत राहा. शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड, लालसर दांडा आणि त्याच्या टोकाला तिळाहून लहान दोन पानं. एखाद्या पानावर बीचं करडं, पोलादासारखं चमकणारं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं असतं. ते ओढू नका. पान उघडताना आपोआप पडतं.

निम्मी रोपं दिसली की झाकण काढा. सगळी उगवायची वाट बघत झाकण ठेवलं की उगवलेली कुजतात. झाकण एकदम न काढता पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी कायमचं असं करा.

आणि उजेड वाढवा. दांडे लांब आणि पांढरट होऊन एका बाजूला झुकत असतील तर उजेड कमी पडतोय. सकाळचं नऊपर्यंतचं कोवळं ऊन आता चालतं.

७. ओल तोडायची ती अशी

अकराव्या दिवसापासून पाण्याची रीत बदला. बहुतेक रोपं इथंच जातात, मायेनं.

अकरा ते वीस दिवसांत पृष्ठभाग पूर्ण फिकट झाल्यावरच परातीत ठेवा. एकविसाव्या दिवसापासून रंगावर जाऊ नका, ट्रे उचलून बघा. पाणी पिऊन निथळलेला ट्रे किती जड लागतो ते हाताला एकदा कळलं की पुढं चुकत नाही. निम्मा हलका झाल्याशिवाय पाणी नाही. महिन्याच्या रोपाची पानं थोडी मऊ पडली, एक दिवस तसंच राहिलं, तरी ते संध्याकाळच्या पाण्यानं सावरतं. या वयात असं थोडं तहानलेलं रोप मुळं खाली सोडतं.

सावध: एका कोपऱ्यातली पाच-सहा रोपं बुडाशी काळी, चिमटल्यासारखी होऊन आडवी पडली तर तो कोलमडण्याचा रोग आहे. तेवढा कोपरा चमच्यानं मातीसकट काढून टाका, पाणी तोडा, ट्रे वाऱ्याला ठेवा. औषध शोधत बसलात तर रात्रीत उरलेला ट्रे जातो.

याच सुमाराला ओळख पटवून घ्या. शेजारच्या वहिनींनी एकदा मला हाक मारली, "भावजी, रोपं काय झकास आल्यात बघा!" ट्रे खरंच भरगच्च होता. पान चिमटीत धरलं तर चपटं, चमच्यासारखं. अख्खा ट्रे घोळीचा. बागेतली माती न उकळता घेतली होती, तिच्यातलं घोळीचं बी आधी उगवलं आणि महिनाभर त्यांनी तेच जोपासलं. बीपानं, म्हणजे उगवताना येणारी पहिली दोन पानं, दोन्हींची सारखीच लालसर, मांसल असतात. खरी पानं आली की फरक दिसतो. चिनी गुलाबाची गोल, सुईसारखी, आणि पानाच्या बगलेत पांढरे केस. घोळीचं पान चपटं आणि गुळगुळीत. त्या दिवशी वहिनींनी डाळ घालून घोळीची भाजी केली आणि दुसऱ्या दिवशी नवं बी पेरलं.

८. झुपक्यानं उचला, एकेक नको

चार ते सहा खरी पानं आली की लहान पिशवीत किंवा कपात हलवा. मिरची-वांग्यासारखं एकेक रोप ओढून काढू नका. मुळं केसासारखी असतात, तुटतात. चमच्यानं तीन-चार रोपांचा झुपका मातीसकट उचला आणि तसाच लावा. त्यातलं एखादं मागं पडेल, पडू द्या.

हलवल्यावर दोन दिवस सावली, मग रोज एक-एक तास ऊन वाढवत आठवड्यात पूर्ण उन्हात.

९. जमिनीत लावणी

संध्याकाळी लावा. पिशवीतलं रोप आदल्या दिवशी भिजवलेलं असावं, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. चिनी गुलाब आठ इंचांवर, डेलोस्पर्मा फुटावर. गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवा. खोल लावलेल्या रोपाच्या बुडाशी पाणी साचतं.

मग बुडाभोवती अर्धा-एक इंच बारीक खडी पसरा. पालापाचोळा नको. तो ओला राहतो आणि गोगलगायी लपवतो. खडीमुळं पानं मातीला टेकत नाहीत.

पहिलं पाणी भरपूर. पुढचे दोन आठवडे तीन-चार दिवसांनी. त्यानंतर चिनी गुलाबाला कडक उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा, थंडीत त्याहून कमी. पानं फुगीर असतील तर झाड प्यालेलं आहे, नळी हातात घेऊ नका. रोपं चार इंच झाली की शेंडे खुडा, म्हणजे ती उंच न जाता आडवी पसरतात. पेरणीपासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुलं सुरू होतात.

जागा निवडताना छपराकडं वर बघा. पागोळ्या जिथं पडतात त्या रेषेत काहीही लावू नका. उघड्या माळावरच्या सरी डेलोस्पर्मा एकवेळ सोसेल, पण एकाच जागी चार महिने टपटपणारं पाणी कोणतंच रोप सोसत नाही. डेलोस्पर्मा पहिल्या पावसाळ्यात उतारावर, दगडांच्या फटीत किंवा पत्र्याच्या आत कुंडीत ठेवा. कुंडीखालची ताटली जूनच्या आधी काढून टाका.

१०. पुढच्या वर्षीचं बी

चिनी गुलाब जुलैच्या झडीत लांबट होतो आणि सडतो. तो वाचवायच्या मागं लागू नका, मेमध्येच बी धरा. फूल एकच दिवस उघडतं. ते मिटून वाळल्यावर खाली बारीक बोंड फुगतं. पिकलं की ते गवताच्या काडीच्या रंगाचं होतं आणि त्याला कंबरेतून गोल चीर जाते. नखानं हलकं टेकवलं की वरचा अर्धा भाग डबीच्या झाकणासारखा निघतो आणि आत करड्या बिया खच्चून भरलेल्या दिसतात. हे झाकण वाऱ्यानंही उडतं, म्हणून सकाळी ऊन व्हायच्या आत खाली कागद धरूनच बोंडं तोडा. दुहेरी पाकळ्यांच्या फुलांना बी कमी धरतं, आणि संकरित पाकिटातल्या झाडांचं बी पेरलं तर पुढं रंग बदललेले येतात.

आइस प्लांटची बोंडं वाळल्यावर घट्ट मिटलेली असतात आणि पाणी लागलं की उघडतात. ती वळवाच्या आधी उतरवा, नाहीतर पहिल्याच सरीत बी वाहून जातं. घरी आणून बशीत ठेवा आणि वर चमचाभर पाणी घाला. काही मिनिटांत बोंड चांदणीसारखं उलगडतं. बिया काढून लगेच कागदावर वाळवा.

वाळलेलं बी कागदी पाकिटात घाला, वर झाडाचं नाव, फुलाचा रंग आणि महिना लिहा. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून डबा आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. स्वयंपाकघरात नको, तिथं वाफ असते. दसऱ्याच्या दोन आठवडे आधी डबा उघडा आणि टिश्यू पेपरवर २० बिया मोजून घाला.